खेळाडूच्या मनाची किल्ली कोणाच्या हाती?

३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने उभारलेला ३३८ धावांचा डोंगर भारतीय संघाने नऊ चेंडू राखून पार केला. नाबाद १२७ धावांची खेळी करणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज त्या रात्रीची नायिका ठरली. तीन दिवसांनी भारताने विश्वचषकही जिंकला आणि जल्लोषाला उधाण आले. मात्र उपांत्य सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत जेमिमाने जे सांगितले, ते त्या खेळीइतकेच महत्त्वाचे होते. स्पर्धेच्या सुरुवातीपासून आपण तीव्र अस्वस्थतेशी झगडत होतो, आईला फोन करून रडत होतो, मन बधिर झाल्यासारखे वाटत होते, त्यातच एका सामन्यात संघातून वगळले गेलो, अशी कबुली तिने डोळ्यांतले पाणी न लपवता दिली. मदत मागण्यात कमीपणा नाही, हेही तिने आवर्जून सांगितले. त्या काळात आधार दिला म्हणून तिने घरच्यांची आणि अरुंधती रेड्डी, स्मृती मानधना, राधा यादव या संघातील मैत्रिणींची नावे घेतली.

या कबुलीचे देशभर कौतुक झाले, आणि ते यथायोग्यच होते. परंतु एक प्रश्न त्या कौतुकात विरून गेला. हीच मुलगी त्या दिवशी शून्यावर बाद झाली असती आणि तिने हेच शब्द उच्चारले असते, तर ते याच आपुलकीने ऐकले गेले असते काय? भारतीय क्रीडाजगताचा आजवरचा अनुभव पाहता या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी फार विचार करावा लागत नाही. शतकानंतरचे अश्रू हळवे ठरतात, शून्यानंतरचे अश्रू सबब ठरतात.

खेळाडूंनी आपल्या मनःस्थितीविषयी केलेली जाहीर निवेदने एकापुढे एक ठेवून पाहिली, की त्यांच्या वेळेत एक ठरावीक क्रम दिसतो. ती एक तर मोठ्या यशानंतर येतात किंवा निवृत्तीनंतर. विराट कोहलीला २०१४च्या इंग्लंड दौऱ्यातील पाच कसोटींत मिळून १३४ धावा करता आल्या होत्या. त्या दौऱ्यात आपण जगातील सर्वांत एकाकी माणूस आहोत असे वाटत होते, हे त्याने सांगितले ते २०२१ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी; तोवर तो भारताचा यशस्वी कर्णधार झालेला होता. अवतीभवती आपली माणसे होती, पण आपल्यावर काय गुदरते आहे ते जाणून घेऊ शकेल असा व्यावसायिक तज्ज्ञ बोलायला नव्हता, असेही त्याने त्या मुलाखतीत नमूद केले. जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या संघातला हा खेळाडू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे उरलेल्या खेळांची काय कथा, याची कल्पना येते. वेगवान गोलंदाज प्रवीणकुमार आणि सलामीवीर रॉबिन उथप्पा यांनी आपल्या नैराश्याची हकीकत सांगितली तेव्हा त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द मागे पडलेली होती.

परदेशातही फार वेगळे घडत नव्हते. फेब्रुवारी २००६ मध्ये इंग्लंडचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कॉथिक भारत दौरा अर्धवट टाकून बडोद्याहून मायदेशी परतला. 'वैयक्तिक कारण' असे सांगितले गेले. पुढे एका मुलाखतीत त्याने विषाणूजन्य आजाराचे निमित्त पुढे केले. खरे कारण नैराश्य आणि चिंतेचे होते, हे त्याने २००८ मध्ये आत्मचरित्रात लिहिले. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याला तर तेवढीही उसंत मिळाली नाही. १० नोव्हेंबर २००९ रोजी त्याने जीवन संपवले. त्याचा आजार उघड झाला असता तर कारकीर्दच नव्हे, दत्तक घेतलेली मुलगीही आपल्यापासून दुरावेल, ही भीती त्याच्या मनात घर करून होती, असे त्याच्या पत्नीने दुसऱ्या दिवशी पत्रकारांना सांगितले. एन्केवर उपचार सुरू होते, डॉक्टर होते, पत्नीची साथ होती. नव्हती ती एवढीच खात्री, की आजाराचे गुपित बाहेर फुटल्यावरही आपले काही बिघडणार नाही. खेळाडूंच्या मनःस्वास्थ्याची सारी चर्चा अखेर या एका खात्रीपाशी येऊन थांबते. आपल्याकडे मात्र ती अजून समुपदेशकांच्या संख्येपलीकडे सरकलेली नाही.

त्यापूर्वी एक घोळ निस्तरणे आवश्यक आहे. मनोबल वाढवणे आणि मन सांभाळणे या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास एकच मानल्या जातात. पहिली गोष्ट कामगिरीसाठी असते. नेम धरताना श्वास कसा रोखावा, निर्णायक गुणाच्या वेळी विचार कसे आवरावेत, पराभवाची भीती कशी झटकावी, हे तिचे विषय. दुसरी गोष्ट माणसासाठी असते, आणि तिचा पदकाशी संबंध असेलच असे नाही. या दोहोंतील अंतर अभिनव बिंद्राच्या आयुष्याइतके स्वच्छ अन्यत्र क्वचितच दिसेल.

२००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये बिंद्रा पात्रता फेरीत तिसरा आला आणि अंतिम फेरीत सातव्या क्रमांकावर घसरला. त्यानंतरची चार वर्षे त्याने मन कसायला घेतले. मानसशास्त्रज्ञ, मेंदूच्या लहरींचा अभ्यास, ध्यान, जे जे उपलब्ध होते ते त्याने अजमावले. बीजिंगला निघण्यापूर्वी जर्मनीत, सुमारे ४० फूट उंच खांबावर चढून वरच्या ताटलीएवढ्या चकतीवर उभे राहण्याचा प्रयोगही त्याने केला, कारण भीतीने पाय लटपटत असतानाही पुढचे पाऊल टाकता आले पाहिजे, हे त्याला शरीराला शिकवायचे होते. ११ ऑगस्ट २००८ रोजी अखेरच्या फैरीत १०.८ गुणांचा वेध घेऊन त्याने भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. मनोबलाची तयारी किती नेमकी असू शकते, याचा तो वस्तुपाठच होता.

पण खुद्द बिंद्रानेच नंतर अनेकदा सांगितले आहे, की आयुष्यातील सर्वांत मोठे मानसिक संकट त्याच्यावर कोसळले ते पराभवानंतर नव्हे, या विजयानंतर. किशोरवयापासून ज्या एका ध्येयाभोवती दिवसाचा प्रत्येक तास बांधलेला होता, ते ध्येय गाठले गेले आणि उद्या सकाळी कशासाठी उठायचे, हा प्रश्न उभा राहिला. देश सत्कारांच्या तयारीत होता आणि सत्कारमूर्ती पोकळीत होता. शेवटच्या फैरीपर्यंतचा प्रत्येक क्षण आखणाऱ्या त्या काटेकोर यंत्रणेत १२ ऑगस्टची तरतूदच नव्हती. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याचीही हकीकत हीच. २३ सुवर्णांसह २८ ऑलिम्पिक पदके जिंकणारा हा खेळाडू प्रत्येक ऑलिम्पिकनंतर नैराश्याच्या गर्तेत जात राहिला, आणि त्या सुमारास अमेरिकी क्रीडायंत्रणेत खेळाडूची चौकशी करणारे कोणी नसते, हे त्याने पुढे वारंवार सांगितले.

यशाने मन बळकट होते, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने उच्चस्तरीय खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचे एकमत निवेदन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी प्रकाशित झालेल्या एका संशोधन-आढाव्यात खेळत असलेल्या उच्चस्तरीय खेळाडूंपैकी सुमारे ३४ टक्के आणि निवृत्त खेळाडूंपैकी सुमारे २६ टक्के जणांत चिंता वा नैराश्याची लक्षणे आढळल्याचे नमूद आहे. लक्षणे म्हणजे निदान नव्हे, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. तरीही तीनांत एक हे प्रमाण, ज्यांना आपण पोलादी मनाची माणसे समजतो त्यांच्याविषयीचे आहे.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २७ जुलै २०२१ रोजी अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून एका उडीनंतर बाहेर पडली. हवेत गिरक्या घेत असताना आपले शरीर नेमके कुठे आहे याचे भान सुटणे, या अवस्थेने तिला गाठले होते. तशा अवस्थेत उडी घेणे म्हणजे मानेवर आपटण्याचा धोका पत्करणे होते. तिच्यावर पळपुटेपणाचा आरोप करणारे तेव्हा कमी नव्हते. आठवडाभरात परतून तिने बॅलन्स बीमवर कांस्यपदक मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकली. माघार घेण्याची मुभा मिळाल्यामुळे एक कारकीर्द वाचली, असा याचा अर्थ लावता येतो. टेनिसपटू नाओमी ओसाकाला मात्र त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेत पत्रकार परिषद टाळल्याबद्दल १५ हजार डॉलर दंड झाला आणि तिने स्पर्धाच सोडली. नियमपुस्तक आणि माणूस यांची गाठ पडली की पहिला हात नियमपुस्तकाचाच वर राहतो.

बाइल्सच्या माघारीनंतर काही दिवसांतच एका भारतीय खेळाडूने तिचे नाव घेऊन लिहिलेला मजकूर आजही अस्वस्थ करतो. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या विनेश फोगटला कुस्ती महासंघाने बेशिस्तीच्या कारणावरून तात्पुरते निलंबित केले. ती संघासोबत राहिली नाही, ठरलेल्या पुरस्कर्त्याचा पोशाख घातला नाही, असे आक्षेप होते. त्यानंतर एका इंग्रजी दैनिकात तिने आपण पूर्णपणे मोडून गेल्याचे लिहिले. माझी मानसिक तयारी नाही असे सांगणाऱ्या बाइल्सचे आपण कौतुक करतो, पण माघार घेणे दूरच, तसे नुसते बोलून तरी भारतात कोणी पाहावे, असा तिचा रोख होता. त्या निलंबनाच्या नोटिशीतील आक्षेप बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे. एक खेळाडू आतून कोसळली असावी, अशी शंकाही त्या नोटिशीच्या मागे कोणाच्या मनात डोकावली नसावी, हे अधिक बोलके आहे.

तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तीच विनेश जपानच्या अपराजित मानल्या जाणाऱ्या युई सुसाकीला हरवून अंतिम फेरीत पोहोचली आणि ७ ऑगस्ट २०२४च्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे अपात्र ठरली. एरवी ५३ किलो गटात लढणारी ही मल्ल त्या गटातील जागा दुसरीला गेल्याने ५० किलोत उतरली होती. आदल्या रात्री वाढलेले २.७ किलो उतरवण्यासाठी अन्नपाण्याविना रात्रभर चाललेला व्यायाम, घाम काढण्याचे उपाय, अखेर केस कापणे, हा तपशील सर्वांनी वाचला. वजन उतरवण्याच्या या प्रकाराकडे आपण केवळ शरीराचा प्रश्न म्हणून पाहतो. उपासमार, निर्जलीकरण आणि निद्रानाश यांनी माणसाच्या मनाचे काय होते, हे सांगायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. घटनेनंतर भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्षा पी. टी. उषा यांनी वजनाची जबाबदारी खेळाडू आणि प्रशिक्षकाची असते, असे स्पष्ट केले. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट काढता येणार नाही. विनेशने दुसऱ्याच दिवशी पहाटे निवृत्ती जाहीर केली.

त्याच पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताच्या पथकासोबत मुंबईचे डॉ. दिनशॉ पारडीवाला यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय चमू होता आणि त्यात निद्रातज्ज्ञाचाही समावेश होता. पूर्वी पथकात पदाधिकाऱ्यांचीच गर्दी असे, हे आठवले म्हणजे ही प्रगती नाकारता येत नाही. तरीही भारताला सहा पदके मिळाली आणि सहा वेळा चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. लक्ष्य सेन कांस्यपदकाची लढत हरल्यानंतर प्रकाश पदुकोण यांनी खेळाडूंनीही आता जबाबदारी घेतली पाहिजे, असे खडे बोल सुनावले. त्यावर बरीच धूळ उडाली आणि त्या धुळीत त्यांचे दुसरे विधान हरवले. मनाच्या प्रशिक्षणाकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही आणि एखाद्‌दुसऱ्या भेटीने ते साधत नाही, लहान वयापासून त्याची बैठक घालावी लागते, हे ते सांगत होते. त्यांचे म्हणणे रास्त आहे, पण तेही मनोबलाविषयी, म्हणजे पहिल्या गोष्टीविषयी.

दुसऱ्या गोष्टीचा विचार करू लागताच प्रश्न अवघड होतो, कारण तिथे पैशापेक्षा विश्वासाची गरज असते. समजा, राष्ट्रीय शिबिरातील एका बॉक्सरला रात्री झोप लागत नाही, सकाळी उठावेसे वाटत नाही. शिबिरात समुपदेशक आहे. त्याची नेमणूक महासंघाने वा क्रीडा प्राधिकरणाने केली आहे, तो मुख्य प्रशिक्षकासोबत जेवतो आणि पुढील महिन्यात निवड चाचणी आहे. हा मुलगा त्या समुपदेशकाच्या खोलीचे दार ठोठावेल काय? ठोठावलेच, तर तो खरे बोलेल काय? बहुधा तो एकाग्रता कमी पडते, एवढेच सांगेल आणि श्वसनाचा एक व्यायाम शिकून परत येईल. नोंदवहीत सत्र पार पडल्याची नोंद होईल. वरिष्ठ कार्यालयाला जाणाऱ्या अहवालात सत्रांची संख्या वाढेल.

कायदा या बाबतीत मुका नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र तो हक्क ज्या व्यावसायिकांना थेट बांधतो, त्यांत 'मनोबल प्रशिक्षक' असे बिरुद लावणारा प्रत्येक जण बसेलच असे नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मनोबल प्रशिक्षक म्हणवून घेण्यासाठी कीर्ती आणि ओळख पुरते. या क्षेत्रात उत्तम माणसे आहेत, यात शंका नाही. २०११च्या विश्वचषक विजेत्या क्रिकेट संघासोबत, नंतर हॉकी संघासोबत आणि बुद्धिबळात डी. गुकेशसोबत काम केलेले पॅडी अप्टन यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. पण एखाद्या अप्टनच्या कर्तृत्वावर व्यवस्था उभी राहत नाही. सर्दीपडशासाठी नोंदणीकृत डॉक्टर शोधणारे महासंघ मनाच्या बाबतीत एवढे उदार का असतात, हे कोडेच आहे.

गुपित फुटल्यावर काय होते, याचा दाखला बाइल्सच्याच आयुष्यात आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये सायबर चोरांनी जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या, म्हणजे 'वाडा'च्या, नोंदी फोडल्या आणि त्यात बाइल्सचे नाव झळकले. लहानपणापासून असलेल्या एकाग्रतेच्या विकारासाठी ती औषध घेत होती आणि त्यासाठी रीतसर वैद्यकीय सवलत तिने मिळवलेली होती. गैर काहीच नव्हते. तरीही तिला जगापुढे आपल्या आजाराचा खुलासा करावा लागला. खेळाडूचे औषधसुद्धा खासगी राहत नाही, ही अडचण सामान्य माणसाला ठाऊक नसते. नैराश्यावर सर्रास दिली जाणारी बहुतेक औषधे 'वाडा'च्या बंदीयादीत नाहीत, परंतु धडधड आणि हातांचा कंप कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल नेमबाजी आणि तिरंदाजीत निषिद्ध आहे. बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाने याच द्रव्यापायी दोन पदके गमावली. गल्लीतल्या डॉक्टरांनी घाबरलेल्या माणसाला सहज लिहून द्यावी अशी ही गोळी. ती घेतली तर बंदी येते आणि सवलत मागितली तर फायलीत नाव जाते, अशा कात्रीत सापडलेला तरुण नेमबाज कोणालाच काही न सांगणे पसंत करतो.

विश्रांती मागण्याचीही अशीच गत आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने मनःस्वास्थ्यासाठी खेळापासून रजा घेतली तेव्हा कोहलीने त्याचे मोकळेपणाने समर्थन केले. इंग्लंडच्या बेन स्टोक्सने २०२१ मध्ये तसेच केले आणि पुढच्या वर्षी तो कसोटी कर्णधार झाला. भारतात इशान किशनने २०२३च्या अखेरीस वैयक्तिक कारणासाठी दक्षिण आफ्रिकेचा कसोटी दौरा सोडला. पुढे तो रणजी सामने खेळला नाही आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा मध्यवर्ती करार गेला. एप्रिल २०२५ मध्ये तो पुन्हा मिळाला. देशांतर्गत क्रिकेटला प्राधान्य द्यावे, ही मंडळाची भूमिका समजण्यासारखी होती आणि त्याच्या रजेचा व कराराचा थेट संबंध असल्याचे मंडळाने म्हटलेले नाही. परंतु ड्रेसिंग रूममधील उरलेल्या पोरांनी त्यातून कोणता अर्थ घेतला असेल, हे मंडळाच्या पत्रकावर अवलंबून नसते. दुखावलेल्या गुडघ्यासाठी कधी परतायचे याचे वेळापत्रक असते, बंगळूरूच्या केंद्रात चाचण्या असतात, तोवर जागा राखली जाते. थकलेल्या मनासाठी रजेचा नियमच नाही; जे काही मिळते ते कर्णधाराच्या वा निवड समितीच्या मर्जीवर.

महाराष्ट्रात हा विषय विशेष गांभीर्याने घ्यावा अशी कारणे आहेत. बालेवाडीपासून कोल्हापूरच्या तालमींपर्यंत बारा-तेरा वर्षांची मुले घर सोडून खेळासाठी राहत असतात. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत वस्तादाचे नाते प्रशिक्षकापेक्षा वडिलांच्या जवळ जाणारे होते. पोराने खुराक घेतला का, झोपला कधी, गावाकडून काही वाईट बातमी आली का, हे वस्तादाला न विचारता कळे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तिथे दुखणे सांगणारा मल्ल कच्चा ठरत असे आणि वस्तादाचा शब्द अखेरचा असे. आधुनिक अकादमीने वस्तादाचा अधिकार तेवढा उचलला, त्याची नजर मात्र उचलली नाही. खेलो इंडियातील निवडलेल्या मुलांना दरमहा १० हजार रुपये भत्ता मिळतो, ऑलिम्पिक पदक लक्ष्य योजनेतील प्रमुख खेळाडूंना ५० हजार. शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरात हा पैसा केवळ खेळाचा राहत नाही, त्यावर घर चालू लागते. मग यादीतून नाव गळण्याची भीती ही केवळ पराभवाची भीती नसते. एवढे ओझे घेऊन झोपणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला सकारात्मक विचारांवरचे व्याख्यान ऐकवणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधील एका स्पर्धेनंतर, प्रेक्षकांचे लक्ष आपल्या चालींपेक्षा कपडे, केस आणि उच्चारांकडेच असते, याबद्दलचा संताप तिने समाजमाध्यमावर व्यक्त केला होता. ज्याला आपण मानसिक ताण म्हणतो, त्याचा उगम पुष्कळदा असा बाहेर असतो. त्यावर इलाज खेळाडूच्या मनात शोधणे हा उफराटा न्याय झाला. २०२२च्या आशिया चषकात एक झेल सुटल्यावर अर्शदीप सिंगवर जी गरळ ओकली गेली, किंवा २०२१ मध्ये महंमद शमीच्या धर्मावरून जे बोलले गेले, त्यावर कोणता समुपदेशक काय करणार? लैंगिक छळाच्या आरोपांची दाद लागावी म्हणून २०२३ मध्ये महिला मल्लांना जंतरमंतरच्या पदपथावर बसावे लागले. तक्रार ज्यांच्याकडे करायची त्यांच्याविरुद्धच ती असेल, तर मनःशांतीच्या शिबिरांना काय अर्थ उरतो?

या संदर्भात ब्रिटनचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये एकच सुवर्ण मिळवून छत्तिसाव्या स्थानावर राहिलेल्या या देशाने लॉटरीचा पैसा ओतून, ज्या खेळात पदक त्यालाच पैसा, असे कठोर धोरण अवलंबले. वीस वर्षांनी रिओत २७ सुवर्णांसह ब्रिटन दुसऱ्या स्थानावर पोहोचला. पण त्याच सुमारास सायकलिंगमधून छळाच्या आणि भेदभावाच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. २०१७ मध्ये माजी पॅरालिम्पिकपटू टॅनी ग्रे-थॉम्पसन यांनी सरकारला दिलेल्या अहवालात खेळाडूंच्या काळजीची जबाबदारी निश्चित करण्याची आणि त्यासाठी स्वतंत्र लोकपालाची शिफारस केली. २०२२ मध्ये जिम्नॅस्टिक्समधील शारीरिक-मानसिक छळाचा अहवाल आला, त्यासाठी ४०० हून अधिक निवेदने आलेली होती. त्यांतल्या कित्येक मुली एव्हाना मोठ्या होऊन खेळ सोडून गेल्या होत्या.

भारत आज त्याच वाटेच्या तोंडाशी उभा आहे. २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि २०३६च्या ऑलिम्पिकसाठी देशाने इच्छापत्र दिले आहे. पदकांचे उद्दिष्ट वाढणार, पैसा वाढणार आणि अपेक्षाही वाढणार. हरियाणात ऑलिम्पिक सुवर्णाला सहा कोटी रुपये मिळतात. पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या राधानगरी तालुक्यातील स्वप्निल कुसाळेला महाराष्ट्राने तातडीने एक कोटी जाहीर केले. ही रक्कम पदकानंतरची. चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या खेळाडूच्या परतीच्या विमानात त्याच्या शेजारी कोण बसणार, याची तरतूद कोणत्याही राज्याच्या क्रीडा धोरणात ठळकपणे दिसत नाही.

करण्यासारखे अगदीच काही नाही, असे मात्र नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने मानसिक तपासणीची साधने तयार करून दिली आहेत. पॅरिसच्या क्रीडाग्रामात शांतपणे बसण्यासाठी स्वतंत्र दालन होते, पथकासोबत कल्याण अधिकारी नेण्याची सोय आहे, अनेक भाषांतून चालणारी गोपनीय दूरध्वनी-सेवा आहे. परंतु मदतीचा हात महासंघाच्या आवाराबाहेर असणे हे आपल्याकडे सर्वांत निकडीचे ठरते. खेळाडूने आपल्या गावाजवळचा नोंदणीकृत तज्ज्ञ स्वतः निवडावा, त्याचे बिल क्रीडा प्राधिकरणाने नाव न विचारता एखाद्या सांकेतिक क्रमांकावर चुकते करावे आणि त्या भेटीचा एक शब्दही निवड समितीकडे जाऊ नये, एवढी साधी पद्धत बसवायला स्टेडियम बांधावे लागत नाही. गैरवापर होईल, ही शंका घेतली जाईलच. फिजिओथेरपीच्या बिलांवर ती कोणी घेत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना जागा दिली आहे, खेळाडू समिती, तक्रार निवारण यंत्रणा आणि 'सुरक्षित क्रीडा धोरण' बंधनकारक केले आहे. त्या धोरणांत महिलांच्या आणि अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणावर भर आहे, तो हवाच होता. मानसिक उपचारांच्या नोंदी कोणाकडे राहणार, त्या निवड समितीला मागता येतील की नाही, आणि मनाच्या आजारासाठी रजा घेतलेल्या खेळाडूचा भत्ता व शिबिरातील जागा किती काळ राखली जाणार, ही तीन कलमे त्यात येतात की नाहीत, हे प्रत्येक महासंघाच्या मसुद्यात शोधावे लागेल. कार्यकारिणीत नव्याने जाऊन बसणाऱ्या माजी खेळाडूंना ती लिहून घेता येतील. या यातनांची ओळख त्यांना कोणी करून देण्याची गरज नाही.